डावखुरा बोकड

“माज्या बाजूनं बघा.”

हे तिचं पालुपद होतं. कालवणात मीठ जास्त झालं म्हटलं तरी हेच. जावयानं काही गाऱ्हाणं आणलं तरी हेच. मिठागरावर एकदा मुकादम तिला म्हणाला, पाटी अर्धीच भरली आहेस. ती म्हणाली, माज्या बाजूनं बघा. तो बघायला वाकला, तर तिनं पाटी उचलून सरळ त्याच्या डोक्यावर ठेवली. त्याची मान खांद्यात रुतली तशी म्हणाली, “आता सांगा, अर्दी हाय का भरलेली?” पुन्हा त्या माणसानं तिच्या पाटीकडे पाहिलं नाही.

माझी बायको ती. नाव सांगणार नाही. आमच्यात नवरा बायकोचं नाव घेत नाही, लग्नात घेतलं तेवढंच. ती होती तेव्हा घेतलं नाही, आता घेऊन काय तिला ऐकू जाणार आहे?

शेवटच्या संध्याकाळी आम्ही तिच्या लुगड्याची घडी घातली. दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या. कापड ताणायचं, झटका द्यायचा, मग एकमेकांकडे चालत यायचं. पुरुषानं लुगड्याला हात लावू नये असं आळीतले लोक म्हणायचे. म्हणू देत. मुलगी मुर्ध्याला दिल्यावर घरात दुसरं होतं कोण?

खाडीवरून वारा येत होता. कापड फुगलं आणि आमच्या दोघांच्या मध्ये उभं राहिलं. मला तंबूतला पडदा आठवला. मी म्हटलं, “काय पण म्हण, बोकड उजव्याच हातानं तोंड पुसायचा.”

“डाव्या.”

“उजव्या.”

“माज्या बाजूनं बघा,” ती म्हणाली आणि हसली.

साधं नाही हसली. पोटातून, खोकला येईपर्यंत, टोकं हातातून सुटेपर्यंत हसली. हे हसणं माझ्या ओळखीचं होतं. पण घरात मी ते कधी ऐकलं नव्हतं. मेलेल्या बोकडाची नुसती आठवण निघाली तर ही अशी हसते, आणि मी जिवंत नवरा समोर उभा आहे! माझं डोकं फिरलं. मी माझी टोकं तिच्या हातात कोंबली आणि ओट्यावर जाऊन विडी पेटवली. ती आत एकटीच बराच वेळ हसत होती.

सकाळी ती उठली नाही. झोपेतच गेली. दुपारच्या आत तिला खाडीकाठी पोचवून आलो.

तुम्ही म्हणाल, एवढा म्हातारा माणूस बोकडावर काय जळतो. तर तो बोकड कुठला ते सांगतो.

मुंबईत तेव्हा बोलपट आले होते. सगळ्यांना बोलणारी चित्रं हवीत, म्हणून जुन्या मुक्या फिल्मी कवडीमोल झाल्या. शहरानं टाकलेलं आपल्याकडे यायचं, तशा त्या आमच्याकडे आल्या. भाताची कापणी झाली की मोकळ्या शेतात तंबू पडायचा. राई, मुर्धे, नवघर इथून माणसं चालत यायची. उत्तनच्या ख्रिस्ती बाया बैलगाड्या करून यायच्या.

तंबूच्या मधोमध दोन बांबूंना कापडाचा पडदा ताणलेला. खेळ सुरू व्हायच्या आधी त्याच्यावर पाणी मारायचे. ओलं कापड म्हणजे चित्र आरपार दिसतं. मशीनच्या बाजूला पुरुष बसायचे आणि पडद्याच्या मागच्या बाजूला बायका. चित्र एकच, ते दोन्हीकडून बघायचं. त्यांना ते उलटं दिसायचं, पण हे तेव्हा आमच्या डोक्यात आलं नव्हतं. आरशासमोर बसायला वेळ कुणाला होता?

मोठ्या चित्राच्या आधी एक छोटी फिल्म लावायचे. त्यात माणूस नाही, नट नाही. शाईनं काढलेला एक बोकड, पण चालायचा, उड्या मारायचा. त्याला कार्टून म्हणतात हे मला पुढे कळलं. आम्ही म्हणायचो, नाचरी चित्रं.

तो बोकड दिसेल ते खायचा. टोपी खाल्ली, कुंपण खाल्लं, पोलिसाचा दंडुका खाल्ला. मध्येच इंग्रजी अक्षरांची पाटी आली, तर तीही खाल्ली. मी दोन बुकं शिकलेला, मला इंग्रजी येत नाही, त्यामुळे त्यानं ती खाल्ली हे चांगलंच झालं. शेवटी खायला काही उरत नाही, तेव्हा स्वतः उभा आहे ती जमीन खातो आणि खाली पडतो. दरवेळी खाऊन झालं की हातानं तोंड पुसायचा.

पहिल्या दिवशी मी मागे बसलो होतो. बोकड आला आणि पडद्याच्या पलीकडून एक हसू आलं. मी शेजारच्याला म्हटलं, कोण बाई आहे, एवढ्या मोठ्यानं हसते! तो म्हणाला, “तुजीच हाय की रं.”

खरं सांगतो, मला ओळखू आलं नाही. लग्नाला एवढी वर्षं, पोरीचं लग्न झालेलं, आणि बायकोचं हसणं मी परक्या माणसासारखं ऐकत होतो. घरी ती अशी नव्हती. कामाची, तोंडानं फटकळ. हसली तर ओठ जरा ताणायची, जणू हसण्याला पण माप आहे. माझ्या आईच्या मरणात रडली नाही आणि माझ्या कुठल्या गोष्टीवर हसली नाही.

त्या दिवसापासून मी सगळ्यांच्या पुढे बसायला लागलो. अगदी पडद्याच्या खाली, नाक ओल्या कापडाला लागेल इतकं जवळ. लोकांना वाटायचं याला चित्रांचा नाद लागला. मला ऐकायचं होतं, ती कुठे हसते. टोपीला हसते का दंडुक्याला हसते. बोकड बघायचो आणि कान पलीकडे.

ती पण जागेची पक्की होती. तंबू पडला की दुपारपासून घाई. “चला, जागा जाईल.” आणि बसायची कुठे, तर कोपऱ्यात. शेजारी माझ्या चुलतभावाची बायको. भाऊ गेला, वैनी आमच्या भिंतीला भिंत लावून राहते. मी वैनीला विचारलं, एवढ्या लवकर जाऊन कोपरा कशाला धरता? ती म्हणाली, “तिची आवड हाय, भावजी. आमाला काय.” आणि पदर तोंडाला लावला.

घरी येताना मी विचारायचो, “काय एवढं हसण्यासारखं व्हतं?”

“बोकड.”

“बोकडात काय?”

“तोंड कसा पुसतो त्यो. डाव्या हातानं.”

“उजव्या.”

“डावखुरा हाय त्यो. माज्या बाजूनं बघा.”

यावर आमची रोज भांडणं. एकदा रस्त्यात एवढी जुंपली की मागून येणाऱ्यांना वाटलं घरात कुणी तरी वाटणी मागितली. शेवटी मशीनवाल्यापुढे तक्रार गेली.

हा मशीनवाला सुरतेकडचा. हडकुळा, कानामागे विडी अडकवलेली. मशीनचं हँडल तो हातानं फिरवायचा. त्यानं आमचं दोघांचं ऐकलं आणि पोट धरून हसला. म्हणाला, “दोनो बरोबर, काका. तुमी सामनेसे बघते, काकी पीछेसे बघते. उजवा तो डावा होऊन जाते ने!”

मी म्हटलं, मग सुलटी बाजू आमची. तिनं काय म्हटलं असेल ते तुम्हाला माहीत आहे.

पण तो पुढे जे बोलला ते माझ्या काळजात बसलं. “काकी हसते ने, तो माझा हात आपोआप धीमा होते. मग बोकड वधारे वखत राहते.” म्हणजे बोकड जास्त वेळ पडद्यावर राहावा म्हणून हा माणूस हँडल हळू फिरवत होता. माझ्या बायकोसाठी! मी त्याला म्हटलं, हात चालव नीट, लोकांनी पैसे दिलेत. त्याच्या हातावर माझा असा डोळा होता की त्या मोसमात तो हात निखळला नाही हेच नवल.

एकदा दिवसा त्यानं मला ती फिल्म दाखवली. पट्टी उन्हात धरली. मी बघितलं तर बोकड, खाली बोकड, त्याच्या खाली बोकड. मी म्हटलं, हा तर तोच बोकड. तो म्हणाला, “नीट बघा. दरेक न्यारा आहे.” खरंच, एकाचं तोंड मिटलेलं, खालच्याचं जरा उघडं, त्याच्या खालच्याचं आणखी उघडं. एवढासा फरक. कुणी तरी बसून एकेक वेगळा काढला होता.

“कोण माणूस?” मी विचारलं.

“काय खबर. फिलमचं तोंड फाटेलं आहे. नाव तेच्यात गेलं.”

ना माणसाचं नाव, ना बोकडाचं. मला त्या माणसाचा भयंकर राग आला. तो सातासमुद्रापलीकडे मान मोडून बोकड काढतो, आणि इकडे भाईंदरात माझी बायको हसते. मी मिठाच्या पाट्या वाहून मान मोडतो, तर ती म्हणते, पाय धुऊन आत या.

मग मी स्वतः करून बघायचं ठरवलं. घरी एकदा ती भाकरी थापत होती. मी समोर बसलो, टोपी काढली, दातात धरली आणि बोकडासारखी चावायला लागलो. तिनं मान वर केली. बघत राहिली.

“दाढ दुखतंय का?” म्हणाली. “लवंग देऊ?”

नंतर मी चेणे गावच्या एका माणसाकडून खराच बोकड आणला.

“ह्यो कशाला?”

“तुला आवडतो ना बोकड.”

“डोस्कं फिरलं तुमचं.”

त्यानं पहिल्या आठवड्यात तिचा दुधीचा वेल खाल्ला. मी म्हटलं, बघ, हा पण सगळं खातो. ती म्हणाली, “त्यो खातो तवा हसू येतं. ह्यो खातो तवा भाजी जाते.” पुढच्या जत्रेला तो कापला. मी दोनदा वाढून घेतलं. इतकं गोड मटण मला जन्मात लागलं नाही. ती माझ्याकडे बघत होती, तिला कळत नव्हतं मी एवढा खूश का.

एका वर्षी मशीनवाल्यानं नवा पडदा आणला. जाड, पांढरा स्वच्छ. पहिल्या खेळाला बोकड आला, त्यानं टोपी खाल्ली, कुंपण खाल्लं, आणि पलीकडून काही आवाज नाही. मी एकटाच आनंदात. मशीनवाल्याचा चेहरा पडला. खेळ संपल्यावर मला विचारतो, “काकी आजारी आहे?” मी म्हटलं, छान आहे, तिला बोकडाचा कंटाळा आला. रात्रभर मला गाढ झोप लागली. पण दुसऱ्याच खेळाला ते हसणं परत सुरू झालं, पहिल्यापेक्षा मोठ्यानं. मी पडद्याखाली बसून दात खात होतो आणि वर बोकड जमीन खात होता.

लढाई आली आणि तंबू बंद झाला. मशीनवाला सुरतेला गेला, जाताना तिच्या पाया पडला. माझ्या नाही पडला. फिल्म कुठे गेली कुणास ठाऊक. जुन्या फिल्मी जाळून त्यातली चांदी काढतात म्हणे. माझ्या मनात आलं, जळू दे.

लढाई संपल्यावर मी तिला मुंबईला नेलं, मोठ्या थेटरात. माझ्या डोक्यात एकच. बोकडापेक्षा चांगलं काही तरी मी तिला दाखवणार, आणि तिकीट मी काढलं म्हणजे ते हसू माझं. मोठ्या चित्राच्या आधी कार्टून लागलं. आता सगळं रंगीत झालं होतं. झाडं नाचत होती, फुलं गात होती, बाजा वाजत होता. आमच्या बोकडाला तोंड होतं पण आवाज नव्हता, इथे खुर्च्या पण बोलतात. बायकांचा वर्ग वर होता. मी खाली बसून कान वर लावला. सगळं थेटर हसलं. ती नाही.

बाहेर आल्यावर विचारलं, “कसं व्हतं?”

“झ्याक व्हतं. पण हितं काय दिसत न्हाय.”

“एवढा मोठा पडदा! भिंतीएवढा!”

“असंल. मना काय दिसला न्हाय.”

मला वाटलं, डोळे गेले. चष्मेवाल्याकडे नेलं. तो म्हणाला, डोळे ठीक आहेत. तरी मी हट्टानं चष्मा करून घेतला. तो घालून तिनं तांदळातले खडे निवडले आणि चार दिवसांनी वैनीला देऊन टाकला.

असे दिवस गेले. बोकड मेला म्हणून मी सुखात होतो. मग ती लुगड्याची घडी, आणि ते हसणं.

तिला पोचवल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आळीतल्या बायका येऊन बसल्या. वैनी मध्ये. रडणं चाललं होतं. कुणी तिच्या हातच्या सुकटीची चटणी काढली, कुणी मुकादमाची गोष्ट काढली. मी ओट्यावर होतो. माझ्या डोळ्यांत पाणी नव्हतं. माझ्या डोक्यात तो बोकड होता. मेल्यावर पण तिचं शेवटचं हसू तोच घेऊन गेला, हे मला सहन होत नव्हतं.

मी उठलो आणि आत गेलो. बायकांनी डोक्यावर पदर ओढले.

“वैनी,” मी म्हटलं, “त्या बोकडात तिला काय दिसायचं गो?”

“कंच्या बोकडात?”

“तंबूतल्या.”

वैनी रडायची थांबली. बाकीच्या एकमेकींकडे बघायला लागल्या.

“भावजी,” वैनी म्हणाली, “पयला दिस सोडला तर तिनं बोकड कवा बघितला?”

“म्हंजे?”

“कोपऱ्यात पडद्याला भोक व्हतं. बिडीनं पडलेलं. ती त्याला डोळा लावून बसायची. नवा पडदा आला तवा तिनं आंबाड्यातला आकडा काढला नि नवीन पाडलं. तुमी पुढं बसायचे ना, उजेडात. बोकडानं तोंड हलवलं की तुमचं तोंड हलायचं. त्यानं डोळे वटारले की तुमी वटारायचे. त्यो पडला की तुमी दचकायचे. तुमाला म्हाईतच नव्हतं, तुमी काय करता ते.”

मी उभा होतो.

“मना एकदाच बघू दिलं तिनं,” वैनी म्हणाली. “मंग म्हणली, सर, माजी जागा हाय. दुसऱ्या दिवशी इहिरीवर आमाला तुमचं तोंड करून दाखवायची. सगळ्या आळीला म्हाईत हाय, भावजी.”

सगळ्या आळीला माहीत. विहिरीवर पाणी भरणाऱ्या एकेकीला माहीत. मलाच नाही. आणि जो माणूस पुढे बसून तोंड हलवत होता, ज्याच्यासाठी तिनं आकड्यानं नवा पडदा फोडला, तो मला कधी भेटलाच नाही. मी बोकडावर जळत होतो, हँडलवर जळत होतो, सातासमुद्रापलीकडच्या माणसावर जळत होतो. खरा जळण्यासारखा तर तो होता. पहिल्या रांगेतला. ती त्याच्याकडे बघायची, आणि त्या गाढवाला पत्ता नव्हता.

“करून दाखव,” मी म्हटलं.

“आज? सुतकाचं घर हाय.”

“दाखव गो वैनी.”

तिनं पदरानं डोळे पुसले. नाक ओढलं. मान पुढे काढली, डोळे मोठे केले आणि खालचा जबडा असा हलवला, जणू काही तरी चिवट दातात अडकलं आहे. मग हाताच्या पाठीनं तोंड पुसलं.

मला त्यात मी दिसलो नाही.

ती दिसली. तोंड पुसताना हनुवटी जरा वर उचलायची खोड वैनीची नाही, तिची. एक भिवई वर आणि एक खाली, हेही तिचंच. तिनं माझं तोंड केलं होतं, वैनीनं तिनं केलेलं तोंड केलं, आणि मधल्या मध्ये ती तिथे राहून गेली होती.

कोपऱ्यात एक बाई फसकन हसली. मग दुसरी. मग सगळ्या, पदर तोंडात कोंबून, रडत रडत. सुतकाचं घर हसत होतं आणि मला वैनीचा असा हेवा वाटला की तिच्या चेहऱ्यावरून ते ओरबाडून घ्यावं. वैनीकडे ती होती. विहिरीवरच्या सगळ्यांकडे थोडी थोडी होती. माझ्याकडे नुसतं घर होतं.

मी खाली बसलो, वैनीच्या समोर, गुडघ्याला गुडघा लावून.

“परत कर,” मी म्हटलं.

तिनं केलं.

“परत.”